चाचण्या, गुण आणि शिक्षकाची जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका आणि अनुदानित शाळांमधले पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर पहिली ते आठवीवर आहे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. सुरुवातीलाच सांगते, चाचण्यांना माझा विरोध नाही. मूल तिसरीत येऊनही वाचत नसेल, तर ते वेळेत कुणाला तरी कळलंच पाहिजे. माझी तक्रार आहे ती मिळालेल्या गुणांचं पुढे जे केलं जातं त्याबद्दल.

१. माझ्या मुलीच्या झेडपीच्या शाळेत वर्षभर कसली ना कसली चाचणी चालूच असते. यातली कोणती कशासाठी?

तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मिसळतात, म्हणून गोंधळ होतो. पहिली शाळेची स्वतःची. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचा पेपर. दुसरी राज्याची, पुण्याच्या एससीईआरटीकडून, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येणारी. तिला नियतकालिक मूल्यांकन चाचणी किंवा नुसतं ‘पॅट’ म्हणतात (प्र. २). तिसरा प्रकार पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचा (प्र. ४). चौथा प्रकार सर्वेक्षणांचा. ती निवडक शाळांतल्या निवडक मुलांपुरतीच असतात (प्र. ५).

शिष्यवृत्ती आणि नवोदय यांचा या सगळ्याशी संबंध नाही. त्या स्पर्धा परीक्षा आहेत, बसणं ऐच्छिक आहे. पण गावात शाळेची पत मात्र अजूनही शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीवरच ठरते. त्यामुळे वर्गातल्या पाच-सहा हुशार मुलांच्या जादा तासिका होतात आणि मागच्या बाकावरचं मूल तसंच पुढच्या इयत्तेत जातं. हे मला खटकतं, पण तो वेगळा विषय आहे.

२. पायाभूत चाचणी म्हणजे काय? त्यात कमी गुण आले तर मुलगा नापास होतो का?

नाही. वर्षाच्या सुरुवातीला मागच्या इयत्तेतलं किती पक्कं आहे, हे पाहण्यासाठी ती असते. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि तेव्हापासून हे नाव घरोघरी पोचलं. नंतर जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यावरच्या ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली, ज्यात महाराष्ट्रासह सहा राज्यं होती, तीच साखळी पुढे चालली: आधी पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. इयत्ता कोणत्या, हे दर वर्षीच्या परिपत्रकात पाहावं, कारण त्यात बदल होत आले आहेत. गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटमधून विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे राज्यभरच्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राकडे जातात.

३. पेपर घरी पाहायला मिळाला तर गुणांखेरीज मला काय कळेल?

सगळ्यात उपयोगी माहिती तिथेच असते. तिसरीतल्या एका मुलाने ५२ वजा २७ बरोबर ३५ असं लिहिलेलं पाहा. गुण शून्य. पण त्याने केलं काय? सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वर-खाली न बघता प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. म्हणजे त्याला वजाबाकीची तथ्यं पाठ आहेत, दशक सुटा करायचा असतो हे समजलेलं नाही. याला आणखी पन्नास उदाहरणं दिली तर पन्नासही अशीच चुकतील. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून एक गठ्ठा त्याच्याच हाताने सोडवून घेतला, की दोन-चार दिवसांत फरक दिसतो. शेजारच्या मुलाने तेच उदाहरण कोरं सोडलं असेल तर त्यालाही शून्यच मिळालं, पण त्याची अडचण पूर्ण वेगळी आहे.

वाचनाचंही तसंच. मूल कविता घडाघडा म्हणतं, पण बोट तिसऱ्या ओळीवर असतं आणि तोंडातून दुसरी ओळ येत असते. पाठ आहे, वाचता येत नाही. त्याच कवितेतला एक शब्द मधूनच दाखवून विचारा, लगेच कळेल.

म्हणून शिक्षकांना ‘किती पडले?’ असं न विचारता ‘कुठे अडतंय?’ असं विचारा. तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला गुणांची बेरीज जाते. ही ३५ ची गोष्ट वर्गातच राहते आणि शिकवायला तीच लागते.

४. आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा कायदा होता ना? मग पाचवीत मुलाला कसं ठेवून घेतलं?

मूळ शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये तसं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची आणि हवं तर त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू केली. प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. कमी पडले तर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा होते, मधल्या काळात जादा मार्गदर्शन द्यायचं असतं, आणि तीही सुटली नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही, ते संरक्षण कायम आहे.

तुम्ही पालक म्हणून एक गोष्ट धरून बसा: मधल्या काळातलं मार्गदर्शन खरोखर झालं का? ते कागदावरच झालं असेल तर मुलाला परत बसवण्याला अर्थ उरत नाही. शाळेकडे त्याची हजेरी असते, ती मागा.

५. राज्याच्या चाचणीत आमचा तालुका उत्तम, ‘असर’च्या अहवालात मात्र मुलांना वाचता येत नाही. खरं काय मानायचं?

दोन्ही वेगळं मोजतात, वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या माणसांकडून.

‘असर’ हे प्रथम संस्थेचं सर्वेक्षण २००५ पासून होतं. ग्रामीण भागात, घरोघरी. स्वयंसेवक अंगणात बसून एकेका मुलाला अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतो. इयत्ता काहीही असो, वाचायला दिलेली पट्टी तीच. देशातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. वाढ मोठी आहे आणि त्याचं श्रेय शिक्षकांना दिलंच पाहिजे. तरी चारातली तीन मुलं अजून मागे आहेत.

केंद्र सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ ला तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीला झालं. पुढचं ४ डिसेंबर २०२४ ला ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण या नावाने तिसरी, सहावी, नववीला. ७८१ जिल्हे, सुमारे ७४ हजार शाळा आणि २१ लाखांवर मुलं. हे शाळेत होतं, इयत्तेनुसार अपेक्षित गोष्टी तपासतं, आणि निरीक्षक बाहेरचा असतो.

राज्याची चाचणी सगळ्या मुलांची होते, पण घेणारे, तपासणारे आणि गुण भरणारे बहुतेक ठिकाणी त्याच शाळेचे शिक्षक. वर्गात शिकवण्यासाठी हीच व्यवस्था सगळ्यात चांगली, कारण बाईंनी स्वतः पेपर पाहिला की पुढच्या आठवड्यात काय करायचं ते त्यांना कळतं. पण त्याच आकड्यावर तालुक्यांची चढाओढ लावली की तो फुगतो. मध्य प्रदेशात हे अभ्यासून झालं आहे: शाळांनी घेतलेल्या शासकीय चाचणीत मुलांची जी पातळी दिसली, ती बाहेरच्यांनी त्याच मुलांना पुन्हा तपासल्यावर पुष्कळ खाली आली. म्हणून तुलना करायची असेल तर बाहेरच्या नमुना सर्वेक्षणाचा आकडा घ्यावा. वर्गात काय शिकवायचं ते ठरवायला शाळेचा आकडा घ्यावा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

६. ‘परख’मध्ये आमच्या शाळेला किती गुण मिळाले?

असा आकडा निघत नाही. नमुना जिल्ह्याबद्दल बोलण्यासाठी घेतलेला असतो, शाळेबद्दल नाही. कुणी शाळेचा क्रमांक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

७. मुलांचे गुण कमी आले तर शिक्षकाचा पगार कापतात का?

आज नाही. पण आपल्याकडे ते जवळपास होऊन गेलं आहे आणि पालकांना ते सहसा माहीत नसतं.

शिक्षकाला १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने त्यासाठी नव्या अटी घातल्या: शाळा ‘प्रगत’ असली पाहिजे, म्हणजे मुलं ठरलेल्या पातळीला पोचलेली पाहिजेत, शाळासिद्धीत (शाळांना श्रेणी देणाऱ्या सरकारी मूल्यमापनात) ‘अ’ श्रेणी पाहिजे, नववी-दहावी शिकवणाऱ्यांना निकालाच्या टक्क्याची अट. म्हणजे एका माणसाच्या पगाराची पायरी साऱ्या शाळेच्या श्रेणीला बांधली. दुर्गम वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतला माणूस आणि तालुक्याच्या गावात आठ शिक्षकांच्या शाळेतला माणूस, दोघांना एकच फूटपट्टी. श्रेणी द्यायची सुरुवात शाळेच्या स्वयंमूल्यमापनानेच होत होती, तेव्हा काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. संघटनांनी सतत विरोध केला आणि २०१९ मध्ये या अटी काढल्या गेल्या.

संघटनांचं म्हणणं या बाबतीत बरोबर होतं असं मला वाटतं. त्या अटींनी कामचुकार माणूस सापडत नव्हता. सापडत होता तो अवघड शाळेवर नेमलेला.

८. मग शिक्षक जबाबदार तरी कशाला आहे? कुठे लिहिलं आहे का?

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. नियमित आणि वेळेवर येणं. ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करणं. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल तिथे जादा शिकवणं. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं. कलम २८ प्रमाणे खासगी शिकवणी घेता येत नाही. कर्तव्यात कसूर झाली तर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६४ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत, खासगी अनुदानित शाळांना सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली.

या यादीत ‘वर्गाचा निकाल अमुक टक्के’ असं कुठे नाही, आणि ते योग्यच आहे. यातली प्रत्येक गोष्ट शिक्षकाच्या हातातली आहे, आणि पालकाला ती डोळ्यांनी पाहता येते. साडेदहाची शाळा साडेदहाला भरते का? वाचता न येणाऱ्या सहा मुलांसाठी रोज वेगळा वेळ काढला जातो का? वह्या तपासलेल्या आहेत का? पालकसभेत प्रत्येक मुलाबद्दल बाईंना दोन वाक्यं सांगता येतात का? यावर आग्रह धरा, सोडू नका. शिक्षकांची बाजू मी नेहमी मांडते, पण इथे कुठलीही सबब ऐकून घेऊ नये.

९. दोन तुकड्या, तोच पेपर. एकीचे गुण जास्त, दुसरीचे कमी. कोण चांगलं शिकवतं हे इतकं उघड असताना वाद कशाला?

उघड दिसतं तेवढं ते नसतं. आधी साधा हिशोब. पटसंख्या आठ असेल तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. दिवाळीनंतर एक कुटुंब ऊसतोडीला गेलं आणि दुसरं एक मूल खोकल्याने आजारी पडलं, की वर्गाचा निकाल पंचवीस टक्क्यांनी हलतो. शिक्षक तोच, शिकवणं तेच.

मग मुलं कुठून आली ते पाहावं लागतं. एका तुकडीत अंगणवाडी नीट झालेली मुलं जास्त, दुसरीत आईबाप दोघं वीटभट्टीवर. घरी कुणी गोष्ट वाचून दाखवणारं आहे की नाही, याचा वाचनावर फार परिणाम होतो.

‘मग सुरुवातीचे गुण वजा करून वाढ मोजा’ असं सुचवलं जातं. कल्पना चांगली आहे आणि अमेरिकेत तिच्यावर मोठमोठी गणिती प्रारूपं उभी राहिली. पण तिथल्याच सांख्यिकी संघटनेने २०१४ मध्ये निवेदन काढून सांगितलं की मुलांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण १ ते १४ टक्के भागच शिक्षकांमुळे असल्याचं बहुतेक अभ्यासांत आढळतं. म्हणून शिक्षक महत्त्वाचा नाही असं कुणी समजू नये. तुकडीच्या एका वर्षाच्या गुणांवरून एका व्यक्तीचा न्याय करता येत नाही, एवढाच याचा अर्थ. शिवाय शिक्षकांना कळलं की पायाभूत चाचणीत गुण कमी दिसले तर पुढची वाढ मोठी दिसते, तर पायाभूत चाचणीच कडक तपासली जाईल.

१०. पण बक्षीस दिलं तर? शंभरातल्या नव्वद जणांना पैशाने हुरूप येतोच.

याचा एक चांगला प्रयोग आपल्या शेजारीच झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना बोनस दिला. बोनस सरासरी वार्षिक पगाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास होता. दोन वर्षांनी बोनसच्या शाळांतली मुलं इतर शाळांतल्या मुलांपेक्षा गणितात ०.२७ आणि भाषेत ०.१७ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेले आहेत ते मोजायचं एकक) पुढे होती. ज्या विषयांवर बोनस नव्हता त्या विषयांतही ती मागे पडली नाहीत, उलट सुधारली. म्हणजे बक्षिसाचा उपयोग होतो.

पण अटी बघा. चाचणी शाळेच्या शिक्षकांनी घेतली नव्हती, बाहेरच्यांनी घेतली आणि तपासली. बोनस मुलाच्या स्वतःच्या वाढीवर होता, त्यामुळे मागे असलेलं मूल शिक्षकाला ओझं वाटत नव्हतं. आणि कमी वाढ झाली म्हणून कुणाचं काही कापलं नव्हतं. यातली पहिलीच अट राज्यभर पाळायची तर केवढी यंत्रणा लागेल याचा विचार करा.

उलट अनुभवही जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचं अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या कामगिरीला जोडलं होतं आणि एकोणिसाव्या शतकातच आपल्या मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. तपासनीस येणार म्हणून धडे घोकून घेणं हे तेव्हापासूनचं आहे. इंग्लंडने ती पद्धत शतक संपायच्या आत सोडून दिली.

११. भाऊ अमेरिकेत आहे. तो म्हणतो तिकडे शाळा गुणांवर बंद करतात. खरंच?

काही काळ त्या दिशेने बरंच झालं. २००२ च्या केंद्रीय कायद्याने तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली आणि २०१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल ‘प्रवीण’ झालं पाहिजे असं लक्ष्य ठेवलं. सलग मागे राहणाऱ्या शाळांवर वाढत्या कारवाया होत्या. लक्ष्य एकाही राज्याने गाठलं नाही. २००९ मध्ये ४.३५ अब्ज डॉलरची स्पर्धात्मक योजना आली, तिच्यामुळे राज्यांनी शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या गुणांशी जोडलं. २०१५ च्या नव्या कायद्याने चाचण्या ठेवल्या, पण शिक्षकांच्या मूल्यमापनाबद्दलचा केंद्राचा आग्रह सोडला.

या काळातलं अटलांटा शहराचं प्रकरण प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावं असं आहे. २०११ च्या राज्य चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली होती. २०१५ मध्ये ११ जण संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली दोषी ठरले. त्यांचं वागणं चूकच होतं. पण सगळ्यात जास्त नुकसान झालं ते मुलांचं. कागदावर ती पास होती, म्हणून त्यांना मिळायची ती जादा मदत मिळाली नाही.

त्याच कायद्याचं एक चांगलं फळही नोंदवलं पाहिजे. कृष्णवर्णीय, गरीब, दिव्यांग अशा गटांचे निकाल वेगळे जाहीर करणं बंधनकारक झालं, त्यामुळे शाळेच्या सरासरीआड त्यांना लपवता येईना. आपण घ्यायचं असेल तर ते घ्यावं.

१२. मुलगा सांगतो, सरांनी फळ्यावर उत्तरं लिहून दिली. तक्रार करू का?

आधी सरांना एकटं भेटा. तिसरीच्या मुलांना पेपरची सूचना समजावून देणं आणि उत्तर सांगणं यात मुलाच्या बोलण्यातून गल्लत होऊ शकते. तुमच्या बोलण्याचा सूर असा ठेवा: ‘त्याला खरंच किती येतं ते मला हवंय, कमी असलं तरी चालेल.’ हे वाक्य शिक्षकाला पालकाकडून फार क्वचित ऐकायला मिळतं. पुन्हा तेच झालं तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा, मग केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (‘केंद्रा’वर) देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. मुलाला साक्षीला उभं करू नका, त्याला रोज त्याच वर्गात बसायचं आहे.

पेपर आधीच फिरत असेल तर ती बाब वेगळी. राज्याच्या चाचण्यांचे पेपर यूट्यूबवर आधी आल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. ते लगेच मुख्याध्यापकांना कळवा.

१३. मी शिक्षिका आहे. खरे गुण भरले की आमचं केंद्र तालुक्यात खाली जातं. ‘मॅडम, जरा बघा ना’ असं सांगितलं जातं. काय करू?

या आशयाचे निरोप सगळ्यात जास्त येतात, आणि पाठवणारी माणसं बहुतेक कष्टाने शिकवणारी असतात.

खरे गुण भरा. ‘जरा बघा’ हे तोंडी असतं, लेखी कुणी देत नाही, आणि पुढे कधी पडताळणी झाली तर सही तुमची असते. तपासलेल्या उत्तरपत्रिका वर्ष संपेपर्यंत जपून ठेवा. गुणांसोबत एका कागदावर वर्गाची स्थिती लिहा: पट किती, सरासरी हजेरी किती, वाचनात कोणत्या टप्प्यावर किती मुलं, त्यांच्यासाठी काय चालू आहे, किती दिवस इतर कामाला गेले. मुख्याध्यापकांची पोच घ्या. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, हाच कागद वाचून दाखवा. कमी गुण आणि त्यावरचं काम एकत्र दिसलं की चर्चेचा रोख बदलतो.

गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा येईल अशी भीती असेल तर लक्षात ठेवा: देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलं आहे की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. प्रत मागा, आणि शेरा अन्यायकारक असेल तर त्याविरुद्ध लेखी निवेदन द्या.

आणि केंद्रप्रमुखांनाही सांगते. तुम्ही वर खरा आकडा पाठवला नाही, तर जादा शिक्षक, साहित्य, प्रशिक्षण मागायला तुमच्या हातात काही उरत नाही. शंभर टक्के प्रगत केंद्राला कोण कशाला मदत देईल?

१४. मुलांच्या परीक्षा घेता, मग शिक्षकांचीच परीक्षा का घेत नाही?

घेतली जाते. राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, डिसेंबर २०१३ पासून आहे. भरतीसाठी २०० गुणांची अभियोग्यता चाचणी २०१७ पासून आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवी शिकवणाऱ्या, सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नोकरीसाठी सूट, पण पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे.

टीईटीने विषयाचं किमान ज्ञान तपासता येतं, आणि ते तपासायलाच हवं. पण रडणाऱ्या पहिलीच्या मुलाला वर्गात कसं रमवता, हे बहुपर्यायी प्रश्नात येत नाही. आणि परीक्षा स्वतः स्वच्छ असायला हवी. २०१९-२० च्या टीईटीतला गैरव्यवहार उघड झाल्यावर सुमारे सात हजार आठशे उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. त्या वर्षी प्रामाणिकपणे अभ्यास करून बसलेल्यांच्या मनाला जे लागलं, ते अजून गेलेलं नाही.

१५. निवडणूक, जनगणना, बीएलओ (मतदार यादीचं काम), पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. यात गेलेले दिवस कोण मोजतं?

शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ फक्त दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांच्या कामाला परवानगी देतं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीचं कामही शक्यतो सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं असं सांगितलं. शिवाय कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. हे पाळलं न जाता गुणांचा जाब विचारणं अन्यायाचं आहे. गेलेले दिवस प्र. १३ मधल्या कागदावर तारखेनिशी लिहा.

१६. मी समितीचा सदस्य आहे. सगळ्या मुलांचे गुण मागू शकतो का?

वर्गनिहाय स्थिती मागा, नावानिशी यादी नको. समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात, तेव्हा एखाद्या मुलाचे गुण संध्याकाळपर्यंत गावभर होतात. किती मुलं अक्षरापर्यंत, किती शब्दापर्यंत, किती गोष्टीपर्यंत, एवढं पुरे. स्वतःच्या मुलाची उत्तरपत्रिका पाहायला मागणं हा मात्र तुमचा हक्क आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केलं आहे.

१७. साहेबांनी अचानक तपासणी केली तर सगळं सुधारेल, असं वडीलधारे म्हणतात. पटतं का?

अर्धं पटतं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, हेच मांडलं होतं: वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीचा उपयोग नाही, निदान दर तीन महिन्यांनी व्हावी, आणि न कळवताही शाळेला भेट द्यावी. पण त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि त्याला प्रशिक्षण मिळावं, असंही म्हटलं होतं. दोन्ही मागण्या एकत्र होत्या. आपण पहिली तेवढी उचलतो. साहेब आले, तर त्यांनी रजिस्टरं पाहण्याआधी मागच्या बाकावरच्या चार मुलांना वाचायला द्यावं आणि जाताना शिक्षकाला एक तरी उपयोगी गोष्ट सांगावी.

१८. आमच्या वर्गात घरी कोरकू बोलणारी मुलं आहेत. पेपर मराठीत. त्यांचे गुण कसे धरायचे?

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, भामरागडला माडिया, हा प्रश्न सगळीकडे आहे. मराठी पेपरमध्ये अशा मुलाचं गणित चुकलं तर आधी तेच उदाहरण त्याच्या भाषेत तोंडी विचारा. ‘बारा बोरं होती, पाच वाटली’ हे घरच्या भाषेत ऐकून मूल पटकन सात सांगतं, असं वारंवार घडतं. चाचणीत जे लिहिलं तेच गुण भरा, पण नोंदवहीत तोंडी उत्तराची नोंद करा. पुढचं शिकवणं त्या नोंदीवरून ठरवा. दिव्यांग मुलांसाठी लेखनिक, जादा वेळ, मोठ्या अक्षरातला पेपर अशा सवलती आधीच मागून घ्याव्या लागतात. चाचणीच्या सकाळी धावपळ करून त्या मिळत नाहीत.

१९. ऊसतोडीला गेलेली मुलं चाचणीला नव्हती. शून्य भरायचं का?

नाही. गैरहजर म्हणजे गैरहजर. शून्य भरलं तर मुलाला काहीच येत नाही अशी खोटी नोंद होते. आणि त्या दिवशी आलं नाही म्हणून पटावरून नाव काढलं, तर त्याहून वाईट. जाताना मुलाला शिक्षण हमी पत्रक दिलं होतं का ते पाहा. ज्या कारखान्याच्या परिसरात ते कुटुंब आहे तिथल्या शाळेने त्याला बसवून घेतलं असेल, तर तिथल्या शिक्षकांना फोन करून त्याचं वाचन कुठवर आहे ते विचारा. मूल मार्च-एप्रिलमध्ये परत आलं की पहिल्याच आठवड्यात त्याच पेपरचा तोंडी भाग घ्या आणि तारीख टाकून वेगळी नोंद ठेवा. पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला जूनमध्ये ती नोंद हातात मिळाली पाहिजे.